तळघरातला रत्नाकर

परदेशस्थ मराठी माणसाच्या छंदांची जर कोणी खानेसुमारी केली, तर नाटकमंडळी, ढोलपथक आणि परसातील मेथी यांच्या खालोखाल, परंतु खर्चाच्या बाबतीत या सर्वांच्या कितीतरी वर, ज्याची नोंद करावी लागेल असा एक इसम न्यू जर्सीतील एडिसनसारख्या गावी आढळतो. तो दिवसा संगणकाच्या कंपनीत चाकरी करतो आणि रात्री आपल्या तळघरात समुद्र राखतो. याला आपण रत्नाकरपंत म्हणू. पंतांचे मूळ घर सदाशिव पेठेत. समुद्राशी घराण्याचा पिढीजात संबंध म्हणाल तर दिवेआगरच्या सहलीपुरता. पण आता त्यांच्या ताब्यात शंभर गॅलनांचा मुलूख आला आहे, आणि मुलूख आला की माणसाला कारभार सुचतो.

पोवळे म्हणजे दगड की झाड, असे एखाद्या भोळ्या पाहुण्याने विचारले की पंतांना भरते येते. पोवळे हा प्राणी आहे. शेकडो इवल्या जीवांचे ते एकत्र कुटुंब असून त्यांच्या कांतीत सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहते, उजेडावर आपले अन्न सिद्ध करते आणि भाड्यापोटी त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. पाणी फार तापले की दोघांचे बिनसते, बिऱ्हाडकरू घराबाहेर पडतो आणि मागे पांढरे फटक घर तेवढे उरते, हे सर्व ते इतक्या तन्मयतेने सांगतात की पाहुण्याच्या हातातला चहा निवतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या मातोश्रींनी हे निरूपण शांतपणे ऐकून एकच पृच्छा केली, "अरे, प्राणी आहेत तर खातात काय?" गोठवलेल्या कोळंबीच्या वड्या शीतकपाटात ओल्या नारळाच्या चवाला खेटून ठेवलेल्या त्यांना त्याच संध्याकाळी दिसल्या, आणि त्या दिवसापासून घरात नारळाचा स्वतंत्र बंदोबस्त झाला.

पंतांचे खरे वैभव त्यांच्या दफ्तरात आहे. नळाचे पाणी ते अशुचि मानतात. गाळण्यांच्या परंपरेतून निघालेल्या निःक्षार पाण्यात विकतचे मीठ अशा बेताने विरघळवायचे की हजार भाग पाण्यात क्षार पस्तीस भरावेत, उष्णता पंचवीस-सव्वीस अंशांपलीकडे जाऊ द्यायची नाही, चुन्याचा अंश दशलक्षात ४२०च्या आसपास, मॅग्नेशियम १३००च्या घरात, आणि क्षारता आठ-नऊ अंशांवर खिळवून ठेवायची, अशी त्यांची रोजकीर्द असते. बाष्प होऊन उडालेल्या पाण्याची भरपाई ते चुन्याच्या निवळीने थेंबाथेंबाने करतात. ("आम्हाला लहानपणी पाजत असत तीच ही!" असे वडील कौतुकाने म्हणाले, तेव्हा पंतांनी त्यांच्याकडे प्रथमच समव्यावसायिकाच्या आदराने पाहिले.) दर रविवारी जुन्या पाण्याचा दशांश काढून नवा भरण्याचा दंडक आहे; म्हणजे हिशेबाने ही सरदेशमुखी झाली, चौथाई नव्हे, आणि वसूल मात्र बादल्यांनी होते.

एवढ्या बंदोबस्ताचे प्रयोजन एकच. ज्या उष्ण समुद्रांतून ही जात येते तेथे हे आकडे सहसा जागचे हलत नाहीत. म्हणून पोवळ्याला आकडा थोडा चुकलेला चालतो, रोज बदललेला चालत नाही. हे तत्त्व पंतांना मुखोद्गत आहे. त्यांचा हात मात्र त्याला फितूर आहे. क्षारता साडेसातावर उतरलेली दिसली की हा गृहस्थ, जो स्वतःचा रक्तदाब तीन वर्षे वाढलेला असूनही वैद्याकडे फिरकला नाही, मध्यरात्री उठून ती सकाळच्या आत नवावर नेतो, आणि आठवडाभरात शाखापोवळ्याची टोके करपली की दिव्यांची जागा बदलतो, प्रवाहयंत्राचे तोंड फिरवतो आणि पोवळ्यांची स्थळे पालटतो. या अखेरच्या उपायाने शेजारहक्काचे नवेच कज्जे उभे राहतात, कारण दिवसा साधुवृत्तीने डुलणारी कित्येक पोवळी रात्री लांब दंशतंतू पसरून शेजाऱ्याला भाजून काढतात, आणि या फिर्यादी ऐकण्यासाठी पंत तांबडी विजेरी घेऊन पहाटे दोनला दरबार भरवतात.

जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जीवांनी भरलेले समुद्रातले खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, ही गोष्ट मी एकदा पंतांपुढे काढली. "तेव्हाची गोष्ट निराळी," असे म्हणून त्यांनी फेस काढणाऱ्या यंत्राचा दुर्गंधी पेला धुण्यास घेतला. जाकार्तात समुद्र दाराशी होता हे त्यांच्या बाजूने मान्य करावे लागेल. परंतु त्या पेल्याकडे पाहताना त्यांच्या मुद्रेवर जी तृप्ती होती, ती सूर्यप्रकाशाने मिळण्याजोगी नव्हती.

गणेश चतुर्थीचा प्रसंग तर त्या घरात अद्याप हळू आवाजात काढतात. मातोश्रींनी, या खारट संसाराला थोडे पुण्य लाभावे म्हणून, काशीहून आणलेल्या तांब्याच्या गडूतले गंगोदक चार थेंब टाकीत सोडले. तांबे हे प्रवाळादी अपृष्ठवंशीय जीवांना विष आहे, हे त्या माउलीला कोणी सांगितले नव्हते. चार थेंबांत तांबे ते किती असणार! पण पंतांनी सत्यनारायणाची तयारी टाकून त्याच रात्री अर्धी टाकी उपसली, नवे मीठ घाईने कालवले, आणि गंगेने जे बिघडले नव्हते ते या तातडीने बिघडवले. दोन पोवळी महिनाभर मिटून बसली आणि पंतही. मातोश्री तेवढ्या अविचल होत्या. "दुखणेकऱ्याला सारखे उठवू नये रे," एवढेच त्या म्हणाल्या, आणि माझ्या मते या विषयावर त्या तळघरात उच्चारले गेलेले ते सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य होय.

वाचकांपैकी कोणास पंतांकडे जाण्याचा योग आला, तर टाकीतल्या माशांची स्तुती करू नये. तेथे त्यांचा दर्जा शिबंदीचा आहे. पाण्यात बोट घालू नये, यंत्रे किती पैशांची हे सौभाग्यवतींसमक्ष विचारू नये, आणि वर्षाने पुन्हा गेल्यास गोल मेंदूपोवळ्यासमोर थोडे थांबून "बरेच वाढले हो!" असे म्हणावे. ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, हे पंतांना पुरते ठाऊक असते. तरी ते तुम्हाला जेवूनच जा म्हणतील.