प्रत्येक मूल वेगळं, तक्ता एकच

सर्वसमावेशक गणिताचं प्रशिक्षण. पडद्यावर स्लाइड येते : ‘प्रत्येक मूल वेगळं असतं.’ माना डोलतात. मग सगळ्यांच्या हाती एकच तक्ता पडतो, तो सगळ्यांनी सारखाच भरायचा.

एकाच कामातून प्रत्येकाला वेगळं गणित, ही कल्पना मात्र जुनीच. वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत १९३२ च्या अखेरीस विनोबा राहायला आले आणि सूत कातून मजुरीत पोट भरतं का, याचा हिशेब मांडत बसले. गणित त्यांचं लाडकं. पुढे १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली नि हातकामातून शिकवणाऱ्या नई तालीमबरोबर सूत कातायची टकळी शाळेत शिरली. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. पाढे न येणारा पोरगा तार मोजी. येणाऱ्याने गुंडीची लांबी काढावी, वर मजुरीही. (कंटाळा दोघांनाही सारखाच येत असणार, तेवढी समानता कुठल्याही पद्धतीत मिळते.)

आज टकळी वर्गात आणायची तर आधी साहित्य-नोंदवहीत चढवा, मग कातणाऱ्या मुलांचा फोटो गटावर टाका. सूत तुटलं तर ‘निष्पत्ती अप्राप्त’. गुंडीत ६४० तार भरले का, हे कुणी विचारत नाही. रकाना एवढाच : उपक्रम राबवला, होय की नाही?