अजून अर्धा आटा

आमच्या इमारतीत एखादा नळ गळू लागला की समजावं, तो शेवटचा अप्पांनी बंद केला होता. अप्पा नळ बंद करत नाहीत, आवळतात. पाणी थांबलं की तुमच्याआमच्यासारखा माणूस हात काढून घेतो. अप्पांचं काम तिथून सुरू होतं. आतल्या वायसरने प्राण सोडल्याची खात्री झाली की मगच ते बोटं पुसतात आणि म्हणतात, "आता बसला."

त्यांच्या घरात लोणच्याची बरणी फक्त त्यांनाच उघडता येते. "हे गावाला गेले की आम्ही कोरडं जेवतो," असं काकू कुणालाही सांगतात. नातवाच्या सायकलची घंटी वाजत नाही, कारण तिची वाटी अप्पांनी पक्की केली आहे. गॅसची नळी बदलायला एजन्सीचा पोरगा येतो तेव्हा तो आधी दोन मिनिटं नुसता बघत बसतो. चिंचवडच्या एका कारखान्यात अप्पांनी चौतीस वर्षं काढली. त्यांच्या बोलण्यावरून आम्हा सगळ्यांना वाटायचं की गाड्यांची जुळणी तेच करत होते. ते स्टोअर्समध्ये होते हे काकूंनी एकदा कोथिंबीर निवडता निवडता सांगून टाकलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अप्पा खाली उतरून वॅगन आरचे नट 'बघतात'. बघायला त्यांना डोळे लागत नाहीत; गाडीबरोबर आलेला पाना आणि दोन फुटी लोखंडी पाइप लागतो. पान्याच्या दांड्यात पाइप घालायचा, एक पाय पाइपवर ठेवायचा, गाडीच्या टपाचा आधार घ्यायचा आणि देवाचं नाव. त्या रविवारी मी गॅलरीत चहा पीत होतो. मागच्या डाव्या चाकापाशी 'टक्' असा आवाज झाला. अप्पा पाइपवरून उतरले, की उतरवले गेले, आणि त्यांच्या हातातल्या पान्यात नट होता. नटाच्या पोटात स्टडचा तुकडा होता.

"मटेरिअल राहिलं नाही हल्ली," अप्पा म्हणाले. नंतर गेल्या महिन्यात पंक्चर काढणाऱ्या मुलाची आठवण झाली. त्याने गनने नट लावले होते, म्हणजे गुन्हेगार सापडला. मी चहाचा कप घेऊन आत गेलो. शेजारधर्म म्हणून काही गोष्टी बघायच्या नसतात.

पण दुसऱ्या मजल्यावरचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा आत जाणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने तिथेच मोबाइलवर गणित मांडलं. "अप्पा, तुमचं वजन किती? 72? पाइप दोन फूट, म्हणजे साधारण 0.6 मीटर. पूर्ण वजन टाकलंत तर 423 न्यूटन-मीटर होतात. या नटाला लागतात साधारण 85. म्हणजे पाचपट! बिचारा अर्ध्या वाटेतच गेला." मग तो सांगू लागला की स्टड म्हणजे एक फार कडक स्प्रिंगच असते. नट आवळला की ती केसभर ताणली जाते आणि त्या ताणाने चाक दाबून धरते. मर्यादेच्या पलीकडे ओढली की परत जागेवर येत नाही. मान बारीक होते आणि मग...

"आमच्या कंपनीत न्यूटन नव्हता," अप्पा म्हणाले. "आणि चाकं कधी निघाली नाहीत."

गॅरेजचा प्रश्नच नव्हता. "शंभर रुपयांच्या आतली वस्तू आणि तासाभराचं काम. घरच्या घरी!" हे दोन शब्द अप्पा उच्चारतात तेव्हा काकू देवापुढे दिवा लावतात. याआधी घरच्या घरी मिक्सर झाला होता. तो अजून घरातच आहे, पोत्यात.

नाना पेठेत सुट्या भागांच्या बाजारात गाडी घेऊनच जायचा अप्पांचा विचार होता. तीन नट होते की! काकू गॅलरीतून म्हणाल्या, "चौघांचं ओझं तिघांनी उचलायचं नसतं." यावर अप्पांना उत्तर सुचलं नाही, कुणालाच सुचलं नसतं. बसने गेले. दुकानदाराने गाडी कुठली म्हणून विचारलं, ते अप्पांना अपमानास्पद वाटलं. "बारा एमएमचा स्टड दे," त्यांनी फर्मावलं. स्टड बाराचाच मिळाला, पण दीडच्या आट्याचा. सुझुकीला सव्वाचा लागतो. होंडा, टोयोटाला दीडचा. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ. घरी नट लावून पाहिला तर दोन फेरे छान गेला आणि अडला. अप्पांनी पाइपकडे पाहिलं. मेकॅनिकलने तो आधीच उचलून जिन्याखाली नेला होता. दुसरी खेप माझ्या स्कूटरवर झाली. या वेळी नट खिशात होता, आणि दुकानात बोलायचं काम माझ्याकडे.

पुढच्या रविवारी सकाळी आठला पार्किंगमध्ये जो समुदाय जमला तो गणपतीच्या वर्गणीलाही जमत नाही. घरच्या घरीचा खरा अर्थ मला तेव्हा कळला: गॅरेजमध्ये काम मेकॅनिक करतो आणि तुम्ही बाकावर बसता, इथे काम अप्पा करतात आणि सगळी इमारत हातात काही ना काही धरून उभी राहते. वॉचमनकडे नटांची वाटी होती. दूधवाल्याकडे विजेरी होती, उजाडलेलं असूनही. माझ्याकडे विटा होत्या. जॅकवर भरवसा ठेवू नये, खाली पक्का घोडा हवा, हे मात्र अप्पांनी बजावून सांगितलं आणि तसा घोडा एका गॅरेजमधून मागून आणलाही होता. न्यायाने ही नोंद करायला हवी.

चाक निघालं. आता ब्रेकचा ड्रम काढायचा, कारण स्टड मागून बसवलेला असतो आणि ड्रम उतरल्याशिवाय त्याला बाहेर यायला वाट नाही. ड्रम हलेना. अप्पांनी लाकडाचा ठोकळा लावून ठोकला. गंजाचं तेल सोडलं. पुन्हा ठोकला. पाऊण तास इमारतीत कुणाला टीव्ही ऐकू आला नाही. ज्याने त्याने एकेक सूचना केली आणि अप्पांनी प्रत्येकाला, "ते करून झालंय," म्हणून सांगितलं. शेवटी काकू वरून म्हणाल्या, "अहो, हँडब्रेक ओढलाय ना तुम्ही?"

ओढला होता. अर्थातच ओढला होता. सुरक्षिततेचा पहिला नियम म्हणून दोन्ही हातांनी, शेवटच्या दातापर्यंत. आतले ब्रेक ड्रमला पोटाशी धरून बसले होते आणि बाहेर आम्ही हातोडा मारत होतो. तो हँडब्रेक सोडवायला अप्पा आणि वॉचमन असे दोघे लागले. मी पुढच्या चाकांना विटा लावल्या, आणि ड्रम हातात आला.

यानंतरची दहा मिनिटं मी विसरणार नाही. मोडका स्टड दोन घावांत मागे पडला. नवा मागून घातला, त्याच्या अंगावरच्या खाचा जुन्या खाचांशी जुळवल्या. समोरून चार वायसर, वर नट उलटा, सपाट बाजू आत, थोडं ग्रीस, आणि पान्याने हळूहळू ओढायला सुरुवात. इथे खरोखरच आवळूनच स्टड आत यायचा होता. आयुष्यभर जगाने ज्या गोष्टीसाठी अप्पांना नावं ठेवली, तीच जगाला आता हवी होती. त्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा झाला. डोकं भिडलं तेव्हा "बसला," मेकॅनिकल म्हणाला. अप्पा थांबले. हाताची शीर उडत होती, पण थांबले.

चाक चढलं, गाडी जमिनीवर आली. शेवटचं आवळायला मुलाने कॉलेजातून टॉर्क पाना मागून आणला होता. 85 वर लावून त्याने तो अप्पांच्या हाती दिला. समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यायचे. अप्पांनी जोर लावला.

टक्.

अप्पा दगड झाले. दूधवाल्याने विजेरी विझवली. "मोडला का हो?" वरून आवाज आला.

"मोडला नाही, काकू," मुलगा म्हणाला. "पुरे झालं की तो असाच वाजतो."

अप्पांनी पाना उलटापालटा करून पाहिला. पुन्हा लावला. टक्. तिसऱ्यांदा. टक्. मग वॉचमनला ऐकवलं, मला ऐकवलं, खाली आलेल्या नातवाला ऐकवलं. घंटी मिळाली म्हणून नातू खूश झाला.

पाना सोमवारी कॉलेजात परत गेला. शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे असतात, ते मुलानेच येऊन तपासायचे असं ठरलं. पाइप काकूंनी त्याच रात्री ताब्यात घेतला होता. आता तो गॅलरीत कारल्याच्या वेलाला आधार म्हणून उभा आहे. गजाला तारेने बांधलाय, अप्पांनीच, पकडीचे सात पीळ देऊन. काल संध्याकाळी मी चहा पीत होतो. अप्पा पक्कड घेऊन बाहेर आले, तार चाचपून पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि आठवा पीळ दिला.

टक्.

मी कप घेऊन आत गेलो.