संगीताशी बांधाचं भांडण

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक मजेशीर नियम आहे. सामगायन कानावर पडत असेल तर ऋग्वेद आणि यजुर्वेद म्हणणं थांबवावं, कारण सामवेदाचा ध्वनी अशुचि आहे. आता सामवेद म्हणजे बहुतांशी ऋग्वेदाच्याच ऋचा, फक्त सुरावर बसवलेल्या. शब्द तेच, देव तेच, मग विटाळ कशाचा, तर चालीचा! तिकडे गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की वेदांमध्ये मी सामवेद आहे. देवाने जो वेद स्वतःचा म्हणून निवडला, त्याचाच आवाज आला की मनू पोथी मिटायला सांगतो. दुसऱ्या अध्यायात तर त्याने ब्रह्मचाऱ्यासाठी काम, क्रोध, लोभ यांच्या पंगतीला नाच, गाणं आणि वाजवणं नेऊन बसवलंय. मनूशी ज्यांचं दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पटण्याची शक्यता नाही, त्या बौद्ध परंपरेतही उपोसथाच्या दिवशी पाळायच्या अष्टशीलांपैकी सातवं शील नाच-गाणं-वाद्यांपासून दूर राहण्याचंच. एवढे मोठे विरोधक एका मुद्द्यावर एकमत झाले, की समजावं त्या मुद्द्यात काहीतरी पाणी आहे.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'यांना कानच नव्हता'. गाणं न आवडणाऱ्याला आपण लगेच औरंगजेब ठरवून मोकळे होतो. पण मला पुरावा नेमका उलटा दिसतो. आमच्या कंधारकडे, मन्याडच्या खोऱ्यात, माणूस बांध कोरल्याचं भांडण कधी तीन गावं पलीकडच्या शेतकऱ्याशी करत नाही. ज्याचं रान आपल्या रानाला लागून आहे त्याच्याशीच करतो, आणि तो बहुतेक वेळा सख्खा चुलतभाऊ असतो. तत्त्वज्ञ, धर्मगुरू, नाटककार यांचं रान म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं. त्याच रानाला लागून गवयाचं रान. तत्त्वज्ञ वीस वर्षं घासून एक प्रमाण मांडतो, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, तेव्हा कुठे एखादा श्रोता मान हलवतो. गवई नुसता षड्ज लावतो आणि सगळी सभा मान हलवते. वर त्या षड्जाचं खंडन करता येत नाही, हे खरं दुखणं आहे.

फ्रॉइडने हे निदान प्रामाणिकपणे कबूल केलं. मायकेलएंजेलोच्या मोझेसवरच्या 1914 सालच्या लेखात तो म्हणतो की संगीतातून त्याला जवळजवळ काही सुख मिळत नाही, कारण आपण कशाने हललो हे कळल्याशिवाय हलायला त्याची बुद्धी तयार नसते. जगाच्या स्वप्नांचा अर्थ लावणारा माणूस भैरवीसारख्या एखाद्या सुरावटीपुढे हात टेकतो, ही काही छोटी गोष्ट नाही. टॉलस्टॉयचं तर त्याहून अवघड होतं. चायकोव्हस्कीचं चौघांनी वाजवायचं वाद्यसंगीत ऐकताना 1876 मध्ये तो रडला. पुढे 1889 मध्ये 'क्रॉयत्झर सोनाटा' लिहून त्याने बेथोव्हेनच्या रचनेला एका खुनाच्या कथेत आणून उभं केलं. ज्याला रडूच येत नाही त्याला एवढा राग कशाला येईल? कांटची तक्रार मात्र आजच्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या नागरिकाला पटेल. 1790 मध्ये त्याने लिहिलं की संगीतात सभ्यता कमी, कारण ते शेजाऱ्याला नको असतानाही त्याच्यापर्यंत पोचतं, खिशातून काढलेल्या अत्तराच्या रुमालाच्या वासासारखं. त्याच्या घराजवळच्या तुरुंगातले कैदी मोठ्याने भजनं म्हणत, म्हणून त्याने अधिकाऱ्याकडे तक्रारही केली होती. बिचाऱ्याने डीजे ऐकला नव्हता.

आता औरंगजेब. त्याने दरबारातलं गाणं बंद केलं आणि गवयांनी संगीताची तिरडी काढली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिचा किती भाग खरा यावर इतिहासकारांत वाद आहे. त्याच्याच राज्यात संगीतावर फारसी ग्रंथ लिहिले जात होते, हे मात्र खरं. आणि त्याला गाण्यातलं उत्तम कळत होतं असं त्याच्या दरबारच्याच लेखकांनी नोंदवलंय. खरी गंमत शेवटाला आहे. 1707 मध्ये तो वारला आणि त्याच्या इच्छेने त्याला खुलताबादला पुरलं, जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात. हे जैनुद्दीन बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे उत्तराधिकारी, आणि बुऱ्हानुद्दीन हे समा, म्हणजे सूफींचं भक्तिसंगीत, ऐकताना नाचण्यासाठी प्रसिद्ध असलेले चिश्ती सूफी. तिथून फार लांब नसलेल्या औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या गुंफेत तर गाभाऱ्याच्या आतच एक नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्यं घेतलेल्या बायका कोरल्या आहेत. गाण्यानाचाकडे पाहायचं नाही असा नेम असलेल्या भिक्षूंनी रोज नमस्कार करायच्या जागी हे कोरून घेतलं! मराठवाड्याच्या दगडात असे बरेच तह सापडतात.

गाणं नाटकाला गिळतं, ही मराठी नाटकवाल्यांची शंका मला सर्वांत रास्त वाटते, कारण त्यांचं नुकसान डोळ्यांदेखत होत होतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 चं, गद्य, इतकं धारदार की इंग्रज सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी आणली. 1911 मध्ये त्याच खाडिलकरांचं संगीत 'मानापमान' आलं. सरकार निवांत झोपलं आणि प्रेक्षक रात्रभर जागे राहिले. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त नवऱ्याच्या दारूपायी घर धुळीला मिळतंय, आणि बालगंधर्वांच्या सिंधूला प्रेक्षक वन्स मोअर देताहेत. मद्यपानावरचं एवढं जळजळीत नाटक लोकांनी चाली गुणगुणत घरी नेलं. गडकरी हे बघायला राहिलेच नाहीत, नाटक रंगभूमीवर येण्याआधीच, 1919 च्या सुरुवातीला, ते गेले.

पण माझ्या मताचा पक्का साक्षीदार म्हणजे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचा माणूस, पॅरिसला शिकलेला, स्वतः धृपदाची तालीम घेतलेला. 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अख्खा देश दुसऱ्याच देशाचं केंद्र लावून बसला. शेवटी 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकरांच्याही आधी, 1940 पासून, आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती 1971 पर्यंत उठली नाही. इकडे गावोगावची भजनी मंडळं पेटीशिवाय घसा साफ करायलाही तयार नव्हती. यातला एकही माणूस बेसूर नव्हता. गाण्यातलं कळणाऱ्यांनीच गाण्यावर पहारे बसवले.

कुणी म्हणेल, काहींना खरोखरच कान नसतो. मान्य. नाबोकोव्ह सरळ सांगायचा की संगीत म्हणजे त्याला कमीअधिक त्रास देणारे आवाज. पण त्याने कधी कुणाच्या सनईवर बंदी मागितली नाही. कान नसलेला माणूस सभेतून उठून जातो, तेवढंच. दुसरा आक्षेप शिखांचा दाखला देऊन घेता येईल. कंधारहून तास-दीड तासावर नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढे लोक माथा टेकतात, त्याची मुख्य रचनाच रागांनुसार आहे, एकतीस राग. तिथे विचार आणि सूर यांची वाटणीच झालेली नाही, मग भांडण कुठलं? हा आक्षेप मी आनंदाने स्वीकारतो.

तिसरा आक्षेप जास्त बोचतो. संशय संगीतावर नसून गाणाऱ्यांवर, त्यातही बायकांवर होता, आणि तत्त्वज्ञान नुसतं पांघरायला घेतलं होतं. हे पुष्कळ अंशी खरं आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा पोट कुणाचं बंद झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तेव्हा निजामाच्या मुलखात. पुढे काळ असा फिरला की माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जे माळेगाव आधी कंधारच्याच तालुक्यात होतं, नांदेडची जिल्हा परिषद स्वतःच लावणी महोत्सव भरवते. बंदी घालणारं खातं आणि मांडव घालणारं खातं शेवटी सरकारचंच. अशा कार्यक्रमांत बहुधा आधी मान्यवरांची भाषणं होतात, लोककला कशी जपली पाहिजे यावर, आणि तेवढा वेळ ढोलकीवाल्याला थाप मारायची मनाई असते.