गॅससाठी माधुकरी

आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर बायकोच्या अक्षरात लिहिलंय, ‘ह्यांचं स्वावलंबन’. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. उजवी पानं भरत आलीत. डाव्या पानांवर नातवाने बैलगाड्या काढल्यात.

शाळेतून निवृत्त झालो त्या दिवशी मी जाहीर केलं होतं, की यापुढे कुणापुढे हात पसरायचा नाही. सिलिंडरवाल्यापुढे नाही, लाइटबिलापुढे नाही, भाजीवालीपुढे तर नाहीच. पेन्शन बेताची आणि हौस दांडगी, तेव्हा जे करायचं ते स्वस्तात करायचं.

पहिली आली सूर्यचूल. ऊन हा परभणीतला एकच माल असा, की त्याचा तुटवडा पडत नाही आणि त्यात दलाल नाही. आम्ही तोऱ्यात ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो खरं. पण तिकडे जर्मनी ढगांच्या फटीतून सांडलेल्या उन्हावर घरोघरच्या छपरांवर वीज करते आणि इकडे परभणी तोंडाला रुमाल बांधून सूर्याची नजर चुकवत फिरते. म्हटलं, आपण तरी त्याच्याशी सलोखा करावा.

यंत्र साधंच असतं. आतून काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, पोटात चार काळे डबे. ऊन आत शिरतं, काळ्या रंगात मुरतं आणि मग माझ्या आईच्या तावडीत सापडलेल्या पाहुण्यासारखं त्याला बाहेर पडता येत नाही. दहाला लावलेलं वरण-भात एकपर्यंत शिजतं. करपत नाही, उतू जात नाही, आणि चव विचाराल तर कुकरच्या तोंडात मारणारी. फक्त सूर्य जागचा हलतो, ही गोष्ट चाळीस वर्षं भूगोल शिकवूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं, पेटी फिरवायची, खाली यायचं. भात शिजेपर्यंत मीही निम्मा शिजायचो. एकदा कोन चुकला आणि कवडसा थेट समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात गेला. “सर, तुमच्या सूर्याला आवरा बरं, माझ्या डोळ्यात घुसायलाय!” तेव्हापासून वळण असं पडलं, की पेटी फिरवायची वेळ झाली की काकूच खिडकीतून हाक मारतात. स्वावलंबनाला पहिला टेकू लागला तो इथे.

दुसरा प्रयोग बिनविजेच्या फ्रीजचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून आलेली ही युक्ती, नाव ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’. विटांची दुहेरी भिंत, मधल्या तीन इंचांत वाळू, सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी. पाणी वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. तत्त्व माठाचंच, फक्त माठाला कॉलेजात घातलेलं. याला कोरडी हवा लागते. कोकणात हा फ्रीज नुसता घाम पुसत बसेल, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र तो खरोखर गारठतो. माझाही गारठला. चार टमाटे आणि कोथिंबिरीची एक जुडी आठवडाभर टवटवीत राहिली. त्यासाठी रोज दोन बादल्या पाणी, तेही मे महिन्यात. आई बाजेवरून म्हणाली, “लेकरा, रोज टमाट्याला आंघोळ घालायलास. माझा नंबर कधी?” फ्रीजला वीज लागत नव्हती, टँकर लागत होता. उजव्या पानावर तशी नोंद आहे.

मग गच्चीवरची शेती. आमच्या गावात कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालचं. दर १८ मेला त्याच्या वर्धापनदिनी शेतकरी मेळावा भरतो आणि बियाण्यासाठी रांगा लागतात. त्या रांगेत खऱ्या शेतकऱ्यांच्या मधे मी दहा कुंड्यांचा बागाईतदार उभा होतो. “सर, किती एकर?” मागच्याने विचारलं. मी विषय पावसावर नेला. मला हवी होती ‘परभणी क्रांती’, याच विद्यापीठाने काढलेली भेंडी. हे सरळ वाण आहे, संकरित नव्हे. म्हणजे दोन शेंगा झाडावर वाळवल्या की पुढच्या वर्षीचं बी घरातच. स्वावलंबनाला याहून बरं झाड कोणतं?

खताला जीवामृत. सुभाष पाळेकरांनी, २०१६चे पद्मश्री ते, गावोगावी पोचवलेली ही कृती. एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, तेवढंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी कुंड्यांच्या हिशोबाने पाव प्रमाण घेतलं, तरी पिंप भरलं. गाय आमच्याकडे नाही. पालमच्या मावसभावाने शेण दिलं आणि ते मी एस.टी.ने आणलं. पिशवीचं तोंड नीट बांधलं नव्हतं, त्यामुळे गर्दीच्या दिवशीही मला तीन सिटा मिळाल्या. घरी गूळ-बेसनाचे डबे उचलताना बायको म्हणाली, “मातीला बेसनाचे लाडू आणि तुम्हाला बीपीची गोळी. चालू द्या.” त्या पावसाळ्यात एकूण सात भेंड्या लागल्या. वहीत हिशोब आहे: खर्च ८४० रुपये, भेंडी १२० रुपये नग. आमच्या घरातली क्रांती ती एवढीच.

खरी अब्रू गेली ती गॅसपायी. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे, महर्षी कर्व्यांचे नातू, यांनी खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र काढलं. २००६ साली त्याला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. विचार मोठा गमतीचा आहे. गॅस करणारे जंतू गाईच्या पोटात राहतात, तर त्यांना शेण कशाला द्यायचं? गाय जे खाते तेच द्या. शेणाच्या संयंत्राला रोज चाळीसेक किलो शेण लागतं, याला दोनेक किलो शिळंपाकं पुरतं. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी. गॅस झाला की वरची उचलली जाते.

अडचण तत्त्वात नव्हती, बायकोत होती. आमच्या घरात शिळं उरतच नाही. शिळ्या भाकरीचे कुटके होतात, भाताला फोडणी बसते, भाजीचे देठ चटणीत जातात. मी दोन किलो खरकटं मागितलं, तर तिने कढीपत्त्याची काडी हातावर ठेवली. टाकी जागची हलेना. शेवटी मीच डबा घेऊन बाहेर पडलो. पाच घरं ठरवली. “काकू, काही उरलंय का?” पहिल्या दिवशी काकूंनी मला आत बोलावून ताट वाढलं आणि हळूच विचारलं, “सर, घरी भांडण झालं का?”

महिनाभरात गल्लीला सवय झाली. मुलं मला पाहून ‘ओम् भवति’ ओरडू लागली. डिसेंबरात थंडी पडली आणि टाकीतले जंतू माझ्यासारखेच गोधडीत शिरले, गॅस निम्म्यावर आला. तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार रोज विचारायचा, “सर, आज किती बोटं वर आली?” माझ्या बीपीची कुणी एवढी चौकशी केली नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी घरात सोयरिकीचे पाहुणे बसलेले आणि सिलिंडर संपला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच आशेने. मी नळी जोडली, काडी लावली. निळी, गुमान ज्योत. वीस मिनिटांत पाहुण्यांचा चहा झाला. तेवढ्यात बातमी गल्लीत पोचली होती. काकू आल्या, दुकानदार आला, पाचही घरं आली. “माझ्या शिळ्या भाताचा चहा आहे तो, मला नको का?” काकू म्हणाल्या. खरंच होतं ते. पुन्हा आधण ठेवलं.

रात्री बायकोने वही काढली. डाव्या पानावरच्या बैलगाडीला वळसा घालून लिहिलं, ‘गॅस, अर्धा तास.’ मग उजव्या पानावर: दूध दोन लिटर, साखर अर्धा किलो, कप फुटले २.