बायसर

सर छापखान्याची पायरी चढताना दिसले की मी आधी प्रूफ लपवतो, मग ‘या सर’ म्हणतो. हा माणूस तुमच्याही गावात आहे. निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, खिशाला लाल रिफिलचं पेन आहे. लग्नाला गेला तर आधी कमानीवरचं इंग्रजी तपासतो, मग जिलबीला हात लावतो. फरक इतकाच, की तुमचा सरसकट सगळं इंग्रजी सुधारत असेल. आमचा येवल्याचा एका शब्दापायी जगतो. ‘बाय’. म्हणून अख्खं गाव त्यांना बायसर म्हणतं. तोंडावर नाही. तोंडावर नुसतं सर.

नाव पाडलं आम्हा पोरांनीच. शाळा सुटली की सायकलवर टांग टाकता टाकता आम्ही ओरडायचो, ‘बाय सर!’ सर भर रस्त्यात थांबायचे. ‘बाय काय? बाय बस? बाय ट्रेन? पुढचं नाम कुठंय?’ मग निरोपाचा बाय निराळा, ‘देव तुमच्यासोबत असो’ या जुन्या इंग्रजी वाक्याचं ते झिजून उरलेलं शेपूट, हे ऐकण्यात दहा मिनिटं. त्यापुढे वाहनांचं प्रकरण. नुसतं वाहन असेल तर बाय कार. पण कार कोणाची ते सांगितलं की बाय गेला, इन आला : इन माय ब्रदर्स कार. ‘मालक आला की बाय निघून जातो, लक्षात ठेवा.’ आणि पायी जाणं तर कधीच बाय नाही, ऑन फूट. सर स्वतः जन्मभर ऑन फूट. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम रांगेने बाय करायचो, सर रांगेने समजवायचे. आपली टिंगल चाललीय हे या माणसाला कळत कसं नाही, याचं मला तेव्हा फार नवल वाटे.

आता ती शिक्षा मी एकटा भोगतो. चहा सांगावा तर तो वन बाय टू, आणि त्यावर भाष्य. ‘चहाचा बाय भागाकाराचा, प्लॉटच्या वीस बाय तीसमधला गुणाकाराचा. एकच शब्द, चहा कमी करतो आणि जमीन वाढवतो!’ हा विनोद मी किमान दोनशे वेळा ऐकलाय. दोनशेही वेळा हसलोय, कारण हसलो नाही तर ते पुन्हा समजावून सांगतात.

एकदा पैठणीच्या दुकानाचा बोर्ड होता. मालकाने लिहून दिलं होतं, ‘मेड बाय हँडलूम’. सरांनी तिथंच बैठक मारली. ‘माग काय आपला आपण विणतो? विणणारा विणकर, त्याला बाय. माग नुसता आधार, त्याला ऑन. मराठीत मागावरच म्हणता ना?’ मालक म्हणाला, मग ‘बाय हँड’ कसं चालतं, हात तरी कुठं एकटा विणतो? सर क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘हात म्हणजे माणूसच.’ व्याकरणात हे कुठल्या कलमात बसतं कोण जाणे. मालक वैतागून म्हणाला, ‘सर, गिऱ्हाईक इंग्रजी वाचायला येत नाही, पदरावरचे मोर बघायला येतं.’

संक्रांतीला तरी सुटका? येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंगापायी माणसं गच्चीवरून खाली उतरत नाहीत. तिथं सर माझी आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरायला. वारा पडला आणि मी चुकून म्हटलं, ‘बाय अँड लार्ज यंदा वारा कमीच.’ झालं. हा वाक्प्रचार शिडाच्या जहाजांचा. वाऱ्याला जमेल तेवढं तोंड देऊन जाणं म्हणजे बाय, वारा पाठीशी घेऊन जाणं म्हणजे लार्ज. दोन्ही जमणारं जहाज चांगलं, म्हणून ‘एकंदरीत’. आमच्याकडे पालखेडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं तरी लोक बघायला जातात, आणि सर मला अटलांटिक समजावत होते. समजावण्याच्या भरात आसारीवरचा हात थबकला, मांजा ताणला आणि शेजारच्या गच्चीवर ‘काटली!’ म्हणून हलगी वाजली. ‘बघ,’ सर म्हणाले, ‘तुला बाय जमलं नाही.’

हा माणूस डोक्यावर बसतो, त्याचं बोलणं डोक्यावरून जातं आणि शेवटी तो डोक्यात जातो. हे मी त्यांना एकदा तोंडावर ऐकवलं. रागावतील वाटलं, ते खुर्चीत पुढे सरकले. ‘अरे, डोकं तेच! शेपटीचं अक्षर बदललं की अर्थ पालटतो. आपलं अव्यय शब्दाला मागून चिकटतं म्हणून दिसत नाही. इंग्रजाचं भालदारासारखं पुढे उभं, म्हणून ठेच लागते. शिवी देतानासुद्धा तुझं चुकलं नाही.’ आणि पाठीवर थाप. अशा माणसाशी भांडायचं कसं?

13 ऑक्टोबरच्या आधी मुक्तिभूमीवर येणाऱ्यांच्या स्वागताचे फलक माझ्याकडे येतात. एकावर ‘इन येवला’ होतं. सरांनी इन खोडून ॲट केलं. मला लागलं, म्हटलं, लहान गावाला ॲट, शहराला इन, हा नियम तुम्हीच शिकवलात. आपलं गाव एवढं किरकोळ? ते फलकाकडे बघत म्हणाले, ‘इन 1935. ऑन 13 ऑक्टोबर. ॲट येवला. गाव लहानच होतं. घोषणा मोठी होती.’ मग जरा थांबून, ‘हिंदू म्हणून जन्माला आलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेब इथं म्हणाले. बाय बर्थ आणि बाय चॉइस. बाय तोच. मी तीस वर्षं वर्गात दुसरं उदाहरण दिलं नाही.’

त्यांच्या घरी माग होता, हे मला त्या दिवशी कळलं. वडील विणायचे, थोरला भाऊ विणायचा. सर दहावीला इंग्रजीत पहिले आले म्हणून मागावरून उठले. ‘आणि ती रांग,’ त्यांनी लाल पेनाला टोपण लावत विचारलं, ‘मला कळत नव्हती वाटतं? एक पोरगं बाय म्हणायचं, मागच्या चाळिसांना नियम पाठ व्हायचा.’

गेल्या महिन्यात मुलगा पुण्याहून त्यांना न्यायला आला. मोठी पांढरी गाडी, एसी लावलेला, काचा वर. गाडी विंचूर चौफुलीला सिग्नल लागल्यासारखी थांबली, कारण पुढे कांद्याचे ट्रॅक्टर होते. क्लासला निघालेली दोन पोरं ओरडली, ‘बाय सर!’ काचेआड सरांचे ओठ हलताना दिसले. काय विचारत असतील ते मला ठाऊक होतं. पोरांना ऐकू गेलं नाही.

दुपारी चहावाला आला. ‘सर कशाने गेले?’

‘गाडीने,’ म्हणालो. मग दुरुस्त केलं, ‘मुलाच्या गाडीत.’

त्याने सवयीने दोन ग्लास मांडले. मी एक उचलून त्याच्या हातात परत दिला. म्हटलं, आता फुल देत जा.