हिरमोडकाका

नाटकाच्या मध्यंतरात बटाटावडा खाता खाता "हे मूळ संचात बघायला हवं होतं" असं सुनावणारे गृहस्थ अमेरिकेत गेल्यावर काय करतात, हे बघायचं असेल तर शनिवारी रात्री न्यू जर्सीत, एडिसनच्या एखाद्या मराठी घराच्या बेसमेंटमध्ये उतरावं. जेवणं आटोपलेली असतात. टीव्हीवर 'मारिओ पार्टी' हा व्हिडिओ गेम लागलेला असतो. चौघं सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले, आणि त्यांच्या मागे पाचवा उभा. त्याच्या हातात चिवड्याची वाटी आणि चेहऱ्यावर सुतक. "छे! ती मजा नाही राहिली." हे हिरमोडकाका. नाव पोरांनी ठेवलंय. काकांना ते कळलंय, आणि माझा संशय असा की आवडलंयही.

ज्यांच्या घरात पोरं नाहीत किंवा पोरांना शिस्त आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीव्हीवर एक पट असतो. चौघांनी पाळीपाळीने फासा टाकायचा, प्रत्येक फेरीनंतर मिनिटभराचा एखादा खेळ खेळायचा, नाणी जमवायची, आणि 20 नाण्यांना एक तारा घ्यायचा. ज्याचे तारे जास्त तो जिंकला. इथवर सगळं सरळ आहे. पण मध्येच एक भूत तुमचा तारा चोरून शेजारच्याला देतं. शिवाय अगदी शेवटी भलत्याच कारणांसाठी जादा तारे वाटले जातात. त्यामुळे रात्रभर घाम गाळणारा हरतो आणि फोनवर बोलत बसलेला जिंकतो.

पहिला भाग 1998 च्या डिसेंबरात जपानमध्ये आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत. काका तेव्हा एमएस करत होते. चौघा रूममेट्सनी वर्गणी काढून निन्टेंडो 64 हा जुना गेमिंग कन्सोल आणला, फुटपाथवरून सोफा उचलला, आणि काकांच्या आयुष्यातला मूळ संच जमला. त्या भागात रस्सीखेचीसारखे काही खेळ होते. त्यांत कंट्रोलरची मधली दांडी गरागरा फिरवावी लागे, आणि पोरं ती तळहाताने घासून फिरवत. हातांना फोड आले, तक्रारी झाल्या, प्रकरण न्यू यॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं, आणि 2000 साली निन्टेंडो कंपनीने ग्राहकांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. काकांनी मोजे मागवले नाहीत. त्यांच्या उजव्या तळहातावर एक फिकट डाग आहे, तो ते नवख्या माणसाला दिव्याखाली नेऊन दाखवतात. मोजे घातले असते तर आज दाखवलं काय असतं?

तेव्हापासून आलेल्या प्रत्येक भागाने काकांची निराशा केलेली आहे. 2012 च्या नवव्या भागात चौघांना एकाच गाडीत कोंबून पटावर फिरवलं होतं. तिथे मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा आहे. एकमेकांना मागे टाकायच्या खेळात सगळ्यांनी एकत्रच जायचं, तर मग तीर्थयात्रा कंपनीचं तिकीट काढलेलं काय वाईट? पण 2018 साली गाडी गेली, ज्याचा तो चालू लागला, तेव्हा काका म्हणाले, "पट चारच? आणि फाशावर सहापर्यंतच आकडे? आमच्या वेळी दहापर्यंत होते." 2021 मध्ये कंपनीने निन्टेंडो 64 च्या काळातले पाच पट नव्याने काढून दिले. काका: "जुनंच रंग लावून विकतात." त्या भागात रस्सीखेचही परत आली, आणि सोबत सूचना, की दांडी तळहाताने फिरवू नये. ही सूचना काकांना फार लागली. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

2024 चा 'जॅम्बोरी' आला आणि काकांची खरी पंचाईत झाली. सात पट, शंभराहून जास्त छोटे खेळ. वर नशिबाचा भाग कमी करणारे वेगळे नियम, त्यात शेवटचा जादा तारा कशासाठी मिळणार हे सुरुवातीलाच जाहीर. पंचवीस वर्षं "यात कौशल्याला किंमत नाही" म्हणणाऱ्या माणसाची मागणी मंजूर झाली होती. त्या नियमांनी एक डाव झाला. काका कौशल्यावर हरले. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "सगळं आधीच ठरलेलं असेल तर मग गंमत कसली?"

2025 च्या जुलैची गोष्ट वेगळी. त्याच 'जॅम्बोरी'ची स्विच 2 या कन्सोलसाठी वाढवलेली आवृत्ती निघाली. आधीचा खेळ असला तर वरचे 20 डॉलर. त्यात कंट्रोलर टेबलावर माउससारखा सरकवायचे खेळ, माइकमध्ये ओरडायचे खेळ, आणि कॅमेरा लावला तर आपलं तोंड टीव्हीवर. कॅमेऱ्याचे पैसे अर्थात निराळे. नवा पट मात्र एकही नाही. काकांनी सगळ्या यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझं तोंड बघायला मी 20 डॉलर देऊ? बाथरूममध्ये फुकट दिसतं." त्यांचं हे म्हणणं बिनतोड होतं. फक्त पैसे त्यांनी पहिल्याच दिवशी भरले होते.

त्या शनिवारचा डाव मी स्वतः पाहिला. शेवटच्या फेरीपर्यंत काका एका ताऱ्याने पुढे. माइकमध्ये ओरडायच्या वेळी तर वरच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठलं. काकू एका हाताने कंट्रोलर धरून दुसऱ्या हाताने कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा फासा कायम एक नाहीतर दोन दाखवी. मग जादा तारे जाहीर होऊ लागले. पहिला तारा सगळ्यांत कमी चालल्याबद्दल. काकूंना. दुसरा पटावरच्या विशेष घरांत जास्त वेळा अडकल्याबद्दल. तोही काकूंना. काकूंनी मान वर करून विचारलं, "झालं का? मी जिंकले वाटतं." आणि जुडी घेऊन त्या वर गेल्या.

काका उठले. खेळाचा आत्मा, कंपन्यांचा हावरटपणा, आजकालची पोरं असे एकेक विषय ओळीने घेतले. भाच्याने धीर करून सुचवलं, "काका, मग विकून टाकू या का? अजून चांगले पैसे येतील."

"विकू नकोस," काका घाईघाईने म्हणाले, आणि काकूंच्या रिकाम्या जागेवर स्वतःच सरकून बसले. "अजून एक डाव लाव. दहा फेऱ्यांचा नको, वीसचा लाव. दहा फेऱ्यांत खेळ किती वाईट आहे ते नीट समजत नाही."