खोकला किती मार्कांना?

वाईत मुक्काम करून मुलाखतीची तयारी करणारा इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध उमेदवार म्हणजे अफझलखान. त्याच्याकडे काय नव्हतं? अनुभव होता, शरीरयष्टी होती, वाईची सुभेदारी केलेली असल्यामुळे मुलुखाची माहिती होती, आधी जाऊन बोलणी करायला कृष्णाजी भास्करांसारखा वकील होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मुलाखत झाली आणि निकाल जागच्या जागी लागला. तेव्हापासून आमच्या गावातून कोणी मुलाखतीला निघालं, की म्हातारी माणसं जरा जपूनच आशीर्वाद देत असावीत.

यंदा हे आठवायचं कारण माझी भाची. ती लेस्टरला जन्मलेली. तिकडची बारावी उरकून तिनं एक वर्ष मोकळं ठेवलं आणि त्यातला हिवाळा आजीकडे वाईला काढायचं ठरवलं. वर्ष मोकळं ठेवणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे आळीत दारोदार पटवून देण्याचं काम मामा या नात्यानं माझ्याकडे आलं. ते निम्मंशिम्मं होतंय तोवर तिला एका विद्यापीठाचं पत्र आलं. फार्मसीच्या प्रवेशासाठी मुलाखत, ऑनलाइन, फेब्रुवारीत.

"फार्मसीला मुलाखत?" आई म्हणाली. "गोळ्या मोजायला बोलावं कशाला लागतं?"

तिकडे लागतं. ब्रिटनमध्ये चार वर्षांचा एमफार्म, मग वर्षभर उमेदवारी, मग नोंदणीची परीक्षा. शिवाय २०२६ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या फार्मासिस्टला स्वतःच्या सहीनं औषध लिहून देण्याचाही अधिकार. एवढं हातात द्यायचं तर त्या माणसाला आधी माणसाशी बोलता आलं पाहिजे, म्हणून तिथल्या नियामक परिषदेनं कॉलेजांना बजावून ठेवलंय की नुसते मार्क बघून कोणाला घेऊ नका.

मुलाखतीचा प्रकारही निराळा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजनं या शतकाच्या सुरुवातीला तो काढला. एकच लांबलचक मुलाखत घेतली तर घेणाऱ्याच्या मर्जीवर फार अवलंबून राहतं, म्हणून तिचे आठ-दहा तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा काही मिनिटांचा, प्रत्येकाला वेगळा परीक्षक. एकात गणित, एकात नीतीचा पेच, एकात 'फार्मसीच का?', आणि एकात चक्क खोटा पेशंट. पेशंटचं काम करायला पगारी नट. या प्रत्येक तुकड्याला म्हणतात स्टेशन. वाईला रेल्वे नाही. एक स्टेशन बघायचं तर आम्हाला वाठारला जावं लागतं. या पोरीला मात्र घरबसल्या आठ स्टेशनं घ्यायची होती.

पहिलं स्टेशन 'फार्मसीच का?' याला आमच्या घरात उत्तरांची टंचाई नव्हती. आई म्हणाली, "खरं ते सांगावं. डॉक्टरीला नंबर लागला नाही." भाचीनं डॉक्टरीला अर्जच केलेला नव्हता, पण आईच्या मते अर्ज न करणं ही नंबर न लागण्याचीच एक रीत आहे. समोरचे अण्णा हळदीचे व्यापारी. ते म्हणाले, "धंदा बारमाही आहे म्हणून सांग." मी चाळीस वर्षं मराठी शिकवलेलं. मी मानवजात, सेवा, व्रत आणि ज्योत हे शब्द असलेला एक परिच्छेद लिहून दिला. तिनं तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "मामा, 'मला लोकांना मदत करायचीय' हे सगळेच म्हणतात. ते म्हणू नका, असं त्यांनी लिहूनच दिलंय." एवढी कडक सूचना आमच्या साहित्य संमेलनाला मिळाली असती तर निम्मी भाषणं वाचली असती.

तिचं खरं कारण साधं होतं. शनिवारी ती तिकडे एका औषधांच्या दुकानात काम करायची. एकटी राहणारी म्हातारी माणसं डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला यायची आणि थेंब विसरून अर्धा तास बोलत उभी राहायची. हे ऐकल्यावर मी माझी ज्योत विझवली.

शेजारच्या मुलीला हा सारा खटाटोप बघून हसू येत होतं. ती साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात बीफार्मच्या दुसऱ्या वर्षाला. "मला तर कोणी काही विचारलंच नाही," ती म्हणाली. खरंच आहे. आपल्याकडे सीईटी द्यायची, दशांश चिन्हापुढे सात आकडे असलेला पर्सेंटाइल घ्यायचा, मग डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर गोळा करायचं, कॅप राउंडला कॉलेजांचे पर्याय भरायचे आणि मोबाइलकडे बघत बसायचं. कॉलेज लागेपर्यंत त्या मुलीला तोंडानं एकच वाक्य बोलावं लागलं होतं, तेही सेतू केंद्राच्या खिडकीत: "साहेब कधी येतील?"

भाचीला हे भयंकर वाटलं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे मुलाखत ठेवली असती तर पहिला प्रश्न "कुणाची गं तू?" असा आला असता आणि उरलेली सात स्टेशनं न घेता गाडी तिथंच थांबली असती. सात आकडी दशांशाला निदान आडनाव नसतं.

गणिताच्या स्टेशनाची तयारी अण्णांनी ओढवून घेतली. मूल बारा किलोचं. पॅरासिटामॉल द्यायचं किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये एकशेवीस मिलिग्रॅम. तर किती मिलिलिटर? भाचीनं कागद ओढला. अण्णा हळदीच्या ढिगाकडे बघावं तसं छताकडे बघून म्हणाले, "साडेसात." बरोबर होतं. पुढे ते म्हणाले, "पण मापाला जरा जास्तच घालावं, गिऱ्हाईक खूश राहतं." या क्षेत्रात गिऱ्हाईक तसं खूश ठेवत नाहीत, हे त्यांना समजावताना तिचं नीतीचं स्टेशनही आपोआप झालं.

अण्णांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. औषधांच्या जगातली एखादी घडामोड विचारली तर हळद सांगायची, असा त्यांचा आग्रह. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध पुढे केला, आणि १९९७ साली ते रद्द झालं. अण्णा हे अशा थाटात सांगतात, की जणू पुराव्यादाखल पोतं त्यांनीच पाठवलं होतं. "घडामोड तीस वर्षं जुनी आहे," असं भाची म्हणाली. "हळद कुठं नवी आहे?" असं अण्णा म्हणाले.

खरी लढाई खोट्या पेशंटची. नट आणायचा कुठून, हा प्रश्न वाईत पडू नये. मेणवलीला 'स्वदेस'चं शूटिंग झाल्यापासून इथला दर दुसरा माणूस कुठल्या तरी गर्दीत उभा राहिलेला आहे. पण आई म्हणाली, "मी होते पेशंट." तिनं पदर गळ्याभोवती गुंडाळला, खुर्चीत बसली आणि कण्हायला लागली.

भाचीनं नियमानं सुरुवात केली. स्वतःचं नाव सांगितलं, आजींचं विचारलं. "नाव काय विचारतेस? कालपासून घसा धरलाय. अँटिबायोटिक दे." इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून एक योजना आहे. सात साध्या आजारांसाठी डॉक्टरकडे न जाता थेट फार्मासिस्टकडून औषध मिळतं: सायनस, घसा, कान, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटिगो, नागीण आणि बायकांचा लघवीचा साधा संसर्ग. पण घशाला अँटिबायोटिक सरसकट नाही. पाच प्रश्न, प्रत्येकी एक मार्क. गेल्या चोवीस तासांत ताप होता का, टॉन्सिलवर पू आहे का, ते खूप सुजलेत का, तीन दिवसांच्या आत आलात का, आणि खोकला-सर्दी नाही ना. चार-पाच मार्क पडले तरच अँटिबायोटिकचा विचार.

"खोकला आहे का?" भाचीनं विचारलं.

आई दणदणीत खोकली.

"मग एक मार्क गेला. खोकला नसेल तर मार्क असतो."

आईचा खोकला त्या क्षणी थांबला. असा गुण जगातल्या कुठल्याही औषधानं आजवर दिलेला नाही. "नाहीये खोकला," आई म्हणाली. "मघाशी ठसका लागला होता." पुढे तिनं मागचा ताप कबूल केला, टॉन्सिल सुजवले, आणि पाचपैकी पाच मार्क मिळवून हात पुढे केला. "दे आता. पाच दिवसांचं दे, दोनच दिवस घेईन. उरलेलं डब्यात ठेवते, मामाला लागलं तर होतं."

इथं भाची पेशंटसमोरून उठून माझ्याकडे आली. मी तिला अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट सांगितली. पेनिसिलिनच्या शोधाबद्दल १९४५ साली नोबेल मिळालं तेव्हाच्या भाषणात त्यानं एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनानं पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही, जंतू मरण्याऐवजी शहाणे होतात, त्याच्यापासून बायकोला लागण होते आणि तिच्यावर औषध चालत नाही. फ्लेमिंग वाईला आल्याची नोंद नाही. पण आमच्या आईचा स्टीलचा डबा बघितल्याशिवाय त्याला हे सुचलं कसं, याचं मला नवल वाटतं.

घरात सगळेच पेशंट वशिल्याचे, म्हणून एका संध्याकाळी भाचीला स्टँडकडच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे बसवलं. हा स्वतः शिकलेला फार्मासिस्ट, स्वतः काउंटरवर उभा राहणारा. हे मुद्दाम सांगावं लागतं. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय इतर कोणी औषध द्यायचं नाही, असं १९४८ चा कायदा म्हणतो, आणि काही दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर नि त्याचा धनी दुसऱ्याच गावी, अशीही सोय असते.

बावधनच्या एका आजोबांनी पाकिटाचा कात्रीनं कापलेला तुकडा पुढे केला. त्यावर 'एमजी' एवढंच शिल्लक होतं. "ह्येच द्या."

"कशाची हाय, आजोबा? साखरेची का बीपीची?"

"सकाळची."

मेडिकलवाल्यानं घरी फोन लावून सुनेकडून बाटलीवरचं, पाकिटावरचं सगळं वाचून घेतलं, मग गोळी दिली. एक बाई पोरासाठी तापाची 'बारकी' गोळी मागत होत्या. त्यानं पोराचं वजन विचारलं आणि सिरप दिलं, मापाच्या झाकणावर पेनानं रेघ मारून. अण्णा असते तर रेघेच्या वर भरलं असतं.

मग एक गडी आला. त्याला अँटिबायोटिक नावानिशी पाहिजे होतं. "मागल्या टायमाला हीच घेतली. दोन दिसांत उठलो."

"चिठ्ठी?"

"डाक्टर आज बसल्यात कुठं?"

मेडिकलवाल्यानं पाकीट उलटं करून त्यावरची उभी लाल रेघ दाखवली. "ही रेघ असली की चिठ्ठी लागती."

"रेघ व्हय? मला वाटलं डिझाइन."

मेडिकलवाला हसला नाही. ताप बघितला, गिळताना त्रास होतोय का विचारलं, तापाची गोळी दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, श्वास घ्यायला जड गेलं तर रात्री थांबू नका म्हणाला, आणि डॉक्टरांकडे सकाळचा नंबर फोन करून लावून दिला. गडी पुटपुटत गेला. थोड्या वेळानं परत आला. "गुळणी कडक पाण्यात का कोमट?"

भाचीच्या वहीत एकामागून एक खुणा पडत होत्या. तिच्या पुस्तकात या प्रत्येक गोष्टीला भारदस्त नाव होतं. तिनं विचारलं, "काका, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं?"

"कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. हे लोकांनी शिकवलं. शिव्या देऊन." मग तिनं त्या सात आजारांच्या योजनेबद्दल सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. "सातच? आणि बाकीच्यांना काय म्हणतात?"

"डॉक्टरकडे जा म्हणतात."

"आणि जातात?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात खरीखुरी असूया होती.

मुलाखतीचा दिवस उजाडला तो कृष्णाबाईच्या उत्सवात. आमच्याकडे हा उत्सव घाटाघाटाचा वेगळा, एकामागून एक, त्यामुळे त्या दिवसांत गावात कुठला ना कुठला लाउडस्पीकर चालूच असतो. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. अण्णा उत्सवाच्या मंडपात जाऊन तासभर आवाज बारीक ठेवायची विनंती करून आले. तिथं त्यांनी कारण सांगितलं असणार, कारण परत येताना त्यांच्याबरोबर प्रसाद आणि चार माणसं आली. लाइट गेली तर हाताशी असावा म्हणून कोणी इन्व्हर्टर आणून ठेवला. लाइट गेली नाही, याची त्याला थोडी खंतच वाटली. आम्ही सगळे ओसरीवर श्वास रोखून बसलो. दाराआडून भाचीचं इंग्रजी ऐकू येत होतं. समजत नव्हतं, पण एकदा ती बराच वेळ काही न बोलता नुसती ऐकत राहिली तेव्हा आईनं मला कोपरानं ढोसलं. "पेशंट आला."

ती बाहेर आली तेव्हा चेहरा लाल आणि हात गार होते. काय विचारलं ते बाहेर सांगायचं नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलेलं. ही अट ओसरीवर कोणालाच मान्य झाली नाही.

"आजाराचं नाव सांगू नकोस," आई म्हणाली. "पण पेशंट होता ना?"

"होता."

"चिडला होता?"

"खूप."

"मग औषध काय दिलंस?"

"काहीच नाही. त्याचं ऐकून घेतलं, समजावून सांगितलं."

"आणि तो गेला?"

"हो. थँक्यू म्हणाला."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. "खोटा असणार," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.